वाटा शेतीचा, वाटा शेतकऱ्याचा

अर्थसंकल्पाचे दिवस आले की वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांतून एक युक्तिवाद हटकून कानी पडतो. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या एकूण उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या घरात होता. आज तो १८ टक्क्यांच्या आसपास उरला आहे. म्हणजे देश पुढे गेला आणि शेती मागे पडली. मग मागे पडलेल्या धंद्यावर सरकारने पैसा का ओतावा? कारखाने उभारावेत, रस्ते बांधावेत, संगणकाच्या कंपन्यांना जागा द्याव्यात. शेती तिच्या मार्गाने क्षीण होत जाईल आणि तसे होणे हेच प्रगतीचे लक्षण होय! हा युक्तिवाद आता केवळ दिल्ली-मुंबईच्या विद्वानांपुरता राहिलेला नाही. तो आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे. ‘शेतीत आता काय राहिलंय?’ असे म्हणत वाडी विकायला काढणारा आपला शेजारी नकळत त्याच युक्तिवादाची री ओढत असतो.

आमच्या मते हा युक्तिवाद मुळातच सदोष आहे; इतकेच नव्हे, तर विकसनशील देशाला तो घातक आहे. शेती बलवान केल्यावाचून कोणताही मोठा देश उद्योगात टिकाऊ प्रगती करू शकलेला नाही. आपल्या देशाने हा धडा एकदा फार मोठी किंमत मोजून घेतला आणि तो पुन्हा विसरण्याची घाई आपण चालविली आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य करू. देश संपन्न होऊ लागला की राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा घटतो, हे खरे आहे आणि त्यात वावगे काही नाही. माणसाची मिळकत दुप्पट झाली म्हणून तो दुप्पट भाकरी खात नाही. वाढलेल्या पैशातून तो कापड घेतो, सायकल घेतो, मुलांना शिकवितो, औषधपाणी करतो. त्यामुळे इतर धंदे शेतीपेक्षा वेगाने वाढतात. निम्म्या देशाने जन्मभर नांगरामागे चालत राहावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. शेतीवर पोट भरणाऱ्यांची संख्या कमी झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की उत्पन्नातला शेतीचा वाटा घटला तेव्हा त्या वाट्यावर जगणारी माणसेही त्याच प्रमाणात बाहेर पडली काय?

याचे उत्तर आकडेच देतात. १९५१च्या सुमारास देशातील दर १०० कामकऱ्यांपैकी ७० जण शेतीवर होते. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमबल पाहणीनुसार आजही ४६ जण शेतीवरच आहेत. म्हणजे १०० रुपयांच्या राष्ट्रीय उत्पन्नातले १८ रुपये ४६ माणसांनी वाटून घ्यायचे आणि उरलेले ८२ रुपये ५४ माणसांनी! हिशेब मांडला तर शेतीबाहेरच्या माणसाचे उत्पन्न शेतीतल्या माणसाच्या जवळजवळ चौपट भरते. हे प्रगतीचे लक्षण नव्हे; एकाच घरात दोन पंक्ती मांडल्याचे हे लक्षण आहे. त्यातही चिंतेची गोष्ट अशी की २०१८-१९ साली शेतीवरील माणसांचे प्रमाण साडेबेचाळीस टक्क्यांपर्यंत उतरले होते, ते पुढच्याच वर्षात साडेपंचेचाळीसच्या वर गेले. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा शहरांनी आपल्या मजुरांना रस्त्यावर सोडले आणि ते शेकडो मैल चालत गावी परतले. त्या वर्षी देशाचे एकूण उत्पन्न आकसले. शेती मात्र तीन टक्क्यांहून अधिक वाढली. ज्या धंद्याला आपण मरणपंथाला लागलेला म्हणतो, त्यानेच त्या वर्षी देशाच्या तोंडात घास घातला आणि शहराने झिडकारलेल्यांना आसरा दिला.

आता अर्थशास्त्र काय सांगते ते पाहू. आर्थर लुईस या नोबेल पारितोषिक मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञाचा १९५४ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. शेतीतील जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळवूनच गरीब देश पुढे येतो, हे त्याचे सूत्र आमचे उद्योगवादी मोठ्या आवडीने सांगतात. परंतु त्याच निबंधातील दुसरे सूत्र ते सोयीस्करपणे गाळतात. लुईसने बजावले आहे की शेती निपचित राहिली तर धान्य महागते, धान्य महागले की मजुरी वाढवावी लागते, आणि मजुरी वाढली की कारखानदाराचा नफा आटून उद्योगांची वाढ खुंटते. म्हणून औद्योगिक क्रांती आणि शेतीची क्रांती या हातात हात घालूनच येतात. पुढे १९६१ साली जॉन्स्टन आणि मेलर या दोघांनी शेती विकासाला काय काय देते याची यादीच मांडली. वाढत्या शहराला अन्न, कारखान्यांना मनुष्यबळ, गुंतवणुकीला भांडवल, निर्यातीतून परकीय चलन आणि कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक. यांतील शेवटची देणगी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण ज्याच्या खिशात पैसा नाही तो साबणाची वडीसुद्धा विकत घेत नाही.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. तैवानचे उदाहरण घ्या. १९४९ साली तेथे कुळाने द्यावयाच्या खंडाला मुख्य पिकाच्या साडेसदतीस टक्के अशी कमाल मर्यादा घालण्यात आली; तत्पूर्वी तो बहुधा निम्मा वा त्याहूनही अधिक असे. १९५३ साली कसेल त्याची जमीन हा कायदा झाला. शेतकऱ्यांच्या संघांनी खत, बियाणे, कर्ज आणि विक्री यांची व्यवस्था पाहिली. १९५०च्या दशकाच्या आरंभी तैवानच्या निर्यातीचा मोठा भाग साखर आणि तांदूळ यांचाच होता. मग डबाबंद अननस आणि अळंबी परदेशी जाऊ लागली. कारखानदारीची भरभराट झाली ती त्यानंतर. चीनच्या राजवटीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण तेथेही १९७८ नंतरच्या वाढीची सुरुवात शांघायच्या गगनचुंबी इमारतींपासून झाली नाही. सामुदायिक शेतीचे जोखड काढून जमीन कुटुंबांकडे कराराने कसायला दिली आणि धान्याचे खरेदीभाव वाढविले, तेव्हा अवघ्या सहा वर्षांत धान्याचे उत्पादन ३० कोटी टनांवरून ४० कोटी टनांवर गेले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, त्या पैशावर गावोगावी लहान कारखाने निघाले, आणि जगाला थक्क करणारी कारखानदारी त्यानंतर आली. या दोन्ही ठिकाणी शेतीचा वाटा पुढे घटला. पण तो घटला शेती यशस्वी झाली म्हणून, आणि घटताना माणसांना बरोबर घेऊन घटला.

आपल्याकडे काय झाले? पहिल्या पंचवार्षिक योजनेने शेती व पाटबंधारे यांना अग्रस्थान दिले होते. १९५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या योजनेत मात्र महालनोबिस यांच्या आराखड्यानुसार पोलाद व अवजड यंत्रे यांकडे सारे लक्ष वळले. त्याच वर्षी मुंबईच्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद या अर्थशास्त्रज्ञांनी इशारा दिला होता की कामगाराला पोटभर अन्न आणि अंगभर कापड पुरवील इतका माल देशात पिकल्यावाचून ही इमारत उभी राहणार नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर आपण विसंबलो. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले. त्याच वर्षी जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन करणे भाग पडले. आणि १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी द्यावी लागली. शेतीकडे पाठ फिरवून उद्योगाकडे धावलेला देश उद्योगाच्या योजनेसह तोंडघशी पडला. मिलोच्या लालसर ज्वारीसाठी रेशनच्या दुकानापुढे लागलेल्या रांगा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत; तरुणांनी त्यांना जरूर विचारावे.

त्या ठेचेतून देश सावरला तो शेतीत पैसा, विज्ञान आणि भावाची हमी ओतून. सी. सुब्रमण्यम यांनी धोरण आखले. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले बुटके गहू स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मातीत रुजविले. १९६५ साली कृषिमूल्य आयोग व अन्न महामंडळ स्थापन झाले. १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ साली जवळजवळ दोन कोटी ४० लाख टनांवर गेले. १९५०-५१ साली पाच कोटी टनांच्या आसपास असलेले एकूण धान्य २०२२-२३ साली ३२ कोटी टनांहून अधिक झाले. आज शहरांतील कारखाने, बँका आणि संगणक कंपन्या निर्धास्तपणे चालतात, कारण त्यांच्या पायाखाली धान्याने भरलेले हे कोठार आहे. मजल्यांचे कौतुक करताना पाया दिसत नाही, एवढ्यावरून तो नाहीच असे मानू नये.

मग कोठार भरले आणि शेतकरी रिताच राहिला तो का? येथेच वादाचा खरा मुद्दा आहे. शेतकऱ्याच्या घामावर साऱ्या राज्ययंत्रणेचा डोलारा पोसला जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगून ठेवले आहे. राज्य बदलले, डोलारा तोच राहिला. युनोच्या सेवेतली स्वित्झर्लंडमधील सुखाची नोकरी सोडून आलेल्या शरद जोशी यांनी १९८०च्या सुमारास चाकणच्या कांद्यापासून जो लढा उभारला, त्याचे सार हेच होते की शेतकरी गरीब नाही, त्याला गरीब ठेवले जाते. याला अतिशयोक्ती म्हणणाऱ्यांनी ओईसीडी ही श्रीमंत राष्ट्रांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था यांचा २०१८ सालचा अहवाल पाहावा. खते, वीज, पाणी यांवरील सारी अनुदाने जमेस धरूनही २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरीने उणे १४ टक्के भरला! निर्यातबंदी आणि बाजारावरील नाना निर्बंध यांनी त्याच्याकडून जे हिरावले, ते अनुदानांपेक्षा अधिक होते. एका हाताने शंभर द्यायचे, दुसऱ्या हाताने सव्वाशे काढून घ्यायचे आणि वर शेतकऱ्याला ‘फुकट्या’ म्हणायचे, असा हा न्याय आहे.

जुने उदाहरण नको असेल तर ताजे घ्या. २०२३च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. ती उठली २०२४च्या मे महिन्यात, निवडणुकीच्या धामधुमीत, आणि तीही पुन्हा शुल्क लावूनच. शुल्क पुरते हटले ते २०२५च्या एप्रिलमध्ये. शहरातल्या गृहिणीला कांदा रास्त दराने मिळावा याला आमचा विरोध नाही. परंतु त्याचा भार लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने एकट्याने का उचलावा? ग्राहकाला सवलत द्यायची तर ती सरकारी तिजोरीतून द्या. ती कुणब्याच्या कणगीतून कसली देता?

राहिला अनुदानांचा प्रश्न. विजेवर आणि युरियावर होणारा खर्च योग्य जागी होतो असे आम्हीही म्हणत नाही. त्याने पंजाबचे भूजल खोल खोल गेले, जमिनी कसदार होण्याऐवजी बिघडल्या. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू कापूसवाल्याच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही. महाराष्ट्रात चार-पाच टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पिऊन टाकतो, हेही खरे. परंतु औषध चुकीचे दिले म्हणून रोग्याला वाऱ्यावर सोडावे काय? हाच पैसा पाणी अडविणे, बियाण्यांचे संशोधन, गोदामे आणि शीतगृहे यांकडे वळविला, तर तो खर्च न राहता गुंतवणूक होईल.

या साऱ्याची परिणती काय झाली ते सरकारच्याच २०१८-१९च्या पाहणीत नमूद आहे. शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १० हजार २१८ रुपये. त्यात पिकांपासून मिळणारे ३ हजार ७९८ आणि मजुरीतून मिळणारे ४ हजार ६३ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगतो. १९७०-७१ साली सरासरी शेत २.२८ हेक्टरांचे होते. २०१५-१६ साली ते १.०८ हेक्टरांवर आले. २०२२ या एका वर्षात देशातील ११ हजार २९० शेतकरी व शेतमजुरांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, ४ हजार २४८, आपल्या महाराष्ट्रातील होते. काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांपैकी जवळजवळ दोघी शेतीत राबतात. पण २०१५-१६च्या गणनेत स्त्रियांच्या नावे असलेली खाती अवघी १४ टक्क्यांच्या आसपास होती. जिच्या नावे सातबारा नाही तिला बँक कर्ज देत नाही आणि सरकार तिला शेतकरी म्हणून ओळखत नाही. अशा घरांतून कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? बाजारात मागणी नाही अशी तक्रार करणारे कारखानदार आणि शेतमाल स्वस्तच हवा असा हट्ट धरणारे धोरणकर्ते या दोघांना समोरासमोर बसविले पाहिजे.

हे सारे अटळ आहे, त्याला इलाज नाही, असे जे म्हणतात त्यांना आणंदचे दूध पाजावे. १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेड्यातल्या गवळ्यांनी संघ काढला. १९४९ साली केरळच्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेला वर्गीस कुरियन नावाचा तरुण अभियंता तेथे आला आणि तिथलाच झाला. १९७०पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेने हा प्रयोग देशभर नेला. त्या काळी सुमारे दोन कोटी टन असलेले दूध २०२२-२३ साली २३ कोटी टनांवर गेले आणि १९९८पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे. यातले मर्म काय? एक-दोन म्हशींच्या मालकिणीलाही रोज पैसे मिळतात. दुधाची भुकटी, लोणी, चीज बनविणारा कारखाना उत्पादकांच्याच मालकीचा असतो. म्हणून ग्राहकाच्या रुपयातला मोठा हिस्सा गोठ्यापर्यंत पोहोचतो. शेती आणि कारखाना एकमेकांचे वैरी नाहीत. कारखाना शेतकऱ्याचा झाला की दोघेही वाढतात. कांदा, टोमॅटो, केळी यांच्या नशिबी हे भाग्य अद्याप आले नाही, कारण आपण ते आणले नाही.

कॅथलिक समाजाला तर हा विचार परका असू नये. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात शेतीला दबलेले क्षेत्र म्हणून तिचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. शेती, उद्योग व सेवा यांची वाढ समतोल असावी. खेड्यांना रस्ते, पाणी, दवाखाने व शाळा मिळाव्यात. शेतकऱ्याला परवडणारे कर्ज, विमा आणि भावाचे संरक्षण असावे. मालावर प्रक्रिया करणारे उद्योग खेड्यांतच निघावेत. आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारून आपला उद्धार आपल्या हाती घ्यावा, असा त्यातील आग्रह आहे. यात दयेची भीक कोठेही नाही. आहे ती न्यायाची मागणी. दुष्काळनिधीच्या पेटीत नोटा टाकून आपले कर्तव्य संपले असे समजणाऱ्यांनी हे परिपत्रक एकदा तरी वाचावे.

आता थोडे आपल्या अंगणात पाहू, कारण देशाचे धोरण आणि आपली वाडी यांत वाटते तितके अंतर नाही. वसईच्या केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचा बाजार भरला. त्याच वाड्यांच्या उत्पन्नातून आपली मुले शिकली, डॉक्टर-प्राध्यापक झाली. शेतीने इतर व्यवसायांना भांडवल कसे पुरविले याचे याहून जवळचे उदाहरण कोणते? १९८०च्या दशकाच्या अखेरीस या हिरव्या पट्ट्यावर काँक्रीटची धाड आली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला. ‘विकासाचे विरोधक’ अशी त्यांची संभावना झाली. मग बावखले बुजली, वाड्यांच्या इमारती झाल्या. वाडी विकली गेली की इमारतीचे सिमेंट, लोखंड आणि मजुरी राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. बुजलेले बावखल मात्र कोणत्याही हिशेबात वजा होत नाही. तो हिशेब पावसाने मांडला. २०१८च्या जुलैत वसईची वस्ती दिवसच्या दिवस पाण्यात बुडाली. आणि उन्हाळ्यात आपल्या नळाला येणारे सूर्या धरणाचे पाणी? डहाणू-पालघरच्या आदिवासींच्या शेतीसाठी म्हणून ते धरण बांधले गेले होते. त्यांच्या शेताच्या तोंडचे पाणी शहराकडे वळले आणि त्या शहरात आपणही राहतो. शेतीची किंमत कमी लेखून जी प्रगती होते तिचे बिल कोणाच्या तरी नावे फाटतेच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पाणी, संशोधन आणि साठवण यांवरील सरकारी गुंतवणूक वाढवा. पीक हाती आले असता एका रात्रीत निर्यात बंद करण्याचा खेळ थांबवा. राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर चढवा. फळे-भाज्यांचे प्रक्रिया उद्योग शेतकऱ्यांच्या मालकीचे आणि शेताजवळचे असू द्या. शेती सोडणाऱ्याला शिक्षण व धंदा द्या, म्हणजे तो हुसकावला गेलेला नव्हे, तर स्वखुशीने बाहेर पडलेला असेल. आणि आपल्यापुरते बोलायचे तर आधी आपल्या सातबाऱ्यांवर आपल्या बायका-लेकींची नावे चढवू. उरलेली बावखले बुजू देणार नाही असा निर्धार प्रत्येक गावाने करावा. आणि जी मुले आजही वाडी करू पाहतात त्यांना ‘शिकून काय उपयोग झाला?’ असे हिणविणे सोडावे.

शेतीचा वाटा शंभरात अठरा असो वा उद्या दहा असो. त्याची भीती आम्हांला वाटत नाही. आमचे भांडण आहे ते त्या वाट्यावर किती जणांना बसविले आहे आणि त्यांच्या ताटातून किती काढून घेतले आहे, याविषयी. ज्या दिवशी शेतातल्या माणसाची आणि कचेरीतल्या माणसाची मिळकत एकमेकांच्या जवळ येईल, त्या दिवशी देश विकसित झाला असे खुशाल म्हणावे. तोवर हा अठरा टक्क्यांचा आकडा प्रगतीची पावती म्हणून कोणी आमच्यापुढे नाचवू नये.